बारकीमावशीचा गूळ

सोमवारी माझ्या पोरीच्या, आरूच्या रक्ताचा आकडा कळणार, दुसऱ्या खेपेचा. तो खाली आला नसंल तर काय करायचं ते मला ठाऊक नाय, सासूला ठाऊक नाय, आन् आरूच्या पप्पांना फोनवर सांगायची पण भीती वाटते, ते तिकडं कसाऱ्याला रस्त्याच्या कामावर, सगळं ऐकून घेतात आन् फोन ठेवतात. मंग मी काय करते, भांडी घासता घासता बारकीमावशीला आठवते. आरूचा विचार केला की हातातलं भांडं तसंच राहतं. मावशीचा केला तरी शेवटी तिथंच येऊन पोचते, पण मधी कुठंतरी हसू येतं, तेवढंच.

नाव बारकी आन् अंगानं आमच्या दाराएवढी. जीपमधी मधल्या सीटवर ती बसली की बाजूच्या माणसानं आपलं आपण सरकायचं. जीपवाला बोलायचा, "मावशी, तुझ्या दोन सीट धरू का?" तर ती बोलायची, "धर की. पण मंग उतरवताना पण दोनदा थांबव." आन् कोण नावाला हसलं तर बोलायची, "नाव ठेवलं तवा मी बारकीच होते रे. आईबापाला काय ठाऊक पुढं काय होनार ते?"

माहेर तिचं डोळखांबच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या पाड्यावर. आमच्या गावात दिलेली. नवरा लवकर गेला, एक लेक, ती पण परत डोळखांबकडंच दिली. मावशी इथं एकटी, ओढ्याच्या पलीकडं तिचं घर, आमचा बौद्धवाडा ओढ्याच्या अलीकडं. रोज सकाळी ओढ्यावरनंच हाक मारायची, "रेश्मेऽ, उठलीस का मेलीस?"

माझी सासू चिडायची. "सकाळी सकाळी मरणाचं नाव कशाला घेते ही?"

"वैनी, नाव घेतलं की ते लाजतं," मावशी तिकडनंच ओरडायची. "मंग येत नाय."

मला कामाला तिनंच लावलं. आरू तवा रांगायला लागली होती, घरात भागत नव्हतं, भाताची रोपणी झाली की गावात बाईच्या हाताला काम नाय. मावशी आली, उंबऱ्यावर बसली, सासूला बोलली, "पोरगी माझ्यासंगं धाडा. मी हाय तिथं." त्या 'मी हाय तिथं' वर सासूनं मला धाडलं.

मुरबाडच्या रस्त्याला आतल्या बाजूला पत्र्याची मोठी शेड हाय. तिथं गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या येतात, ट्रक भरून. पुरुष त्या फोडतात, आतलं तेजाब, म्हंजे अ‍ॅसिड, ओततात, आमी बाया त्यातल्या शिशाच्या प्लेटा निवडायच्या, प्लास्टिक एकीकडं, प्लेटा एकीकडं. मंग त्या भट्टीत जातात, वितळतात, आन् त्याच्या लाद्या पडतात. लादी दिसायला पावाएवढी, पण पहिल्या दिवशी मी एका हातानं उचलायला गेले तर खांदाच खाली आला. मावशी हसली. "शिसं हाय ते, बाय. लहान दिसतं म्हणून हलकं समजायचं नाय."

शेडमधली धूळ काळी नाय, राखेसारखी, करडी. इतकी बारीक की झाडलं तरी जात नाय, वर उठते आन् परत बसते. केसात, नखात, पोलक्याच्या शिवणीत. तोंडाला गोडसर लागते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, की ती गोड लागते.

मास्क होते. साहेब लोक बघायला यायचे त्या दिवशी मुकादम मास्क वाटायचा आन् ते गेले की परत जमा करायचा. मावशीनं एकदा दिलाच नाय परत. मुकादम बोलला, "बारके, मास्क कुठाय?"

"घरी हाय."

"घरी कशाला?"

"चहा गाळाया. लय बेस गळतो."

सगळ्या बाया हसल्या, मुकादमाला पण हसू आवरंना. तरी तो बोलला, उद्यापासनं तोंड बांधून काम कर. मावशी बोलली, "तू लग्नात बांधलं होतंस तोंड? तवा बांधलं असतंस तर बायको तरी सुखी राहिली असती." तिला तिथं कोणच काय बोलत नसे. जुनी होती. शेड उभी राहिली तेव्हापासनं ती तिथं.

त्या धुळीवर एकच औषध होतं, गूळ.

हे तिथं सगळेच मानायचे. गूळ खाल्ला की घशातली धूळ खाली उतरते, छाती साफ राहते. कंपनी बाकी काय देवो न देवो, गुळाची ढेप मात्र वेळेवर यायची. आन् ती ढेप मुकादम बारकीमावशीच्या हवाली करायचा, कारण ती वाटली की कोण भांडत नसे. पत्र्याच्या डब्यात ठेवलेली असायची. दुपारच्या सुट्टीला ती डबा काढायची, ढेप फडक्यावर ठेवायची, आन् फोडायची कशानं, तर शिशाच्या लादीनं. तिच्याएवढं जड आन् हाताशी असलेलं तिथं दुसरं काय होतं? एक लादी तिनं त्याच्यासाठीच बाजूला ठेवलेली, एक कोपरा झिजून गुळगुळीत झालेला.

मंग ती पदराला हात पुसायची, आन् आमी रांगेत उभ्या. हातात नाय द्यायची. "तुमचे हात घाण, प्लेटा चिवडून आलाय. तोंड उघडा." एकेकीच्या तोंडात स्वतःच्या हातानं खडा ठेवायची. आन् ठेवताना स्वतःचं तोंड पण उघडायची, जशी आय लेकराला भरवताना उघडते तशी. "आऽ कर. आऽ." पोरं असलेल्या बाया, सुना आलेल्या बाया, सगळ्या तिच्यापुढं आऽ करून उभ्या. गेटवर बसायची ती बाई, येताजाता आमच्या पिशव्या तपासायची, ती पण यायची आऽ करायला. मला तर आठवत नाय माझ्या आयनं मला शेवटचं कधी भरवलं. तिथं रोज कोणतरी भरवत होतं.

उरलेला चुरा ती पदराच्या गाठीला बांधायची. तो आरूचा.

संध्याकाळी जीप आमाला फाट्यावर सोडायची, तिथनं चालत घर. सासू आरूला कडेवर घेऊन ओट्यावर उभी असायची. आरू मला बघायची नाय, आधी मावशीला बघायची. मावशीनं गाठ सोडायच्या आधीच पोरीचं तोंड उघडलेलं. मावशी बोटावर चुरा घेऊन तिच्या जिभेवर ठेवायची, स्वतः आऽ करत. सासू बोलायची, "आय दमून आली तिचं काय नाय, गूळवाली आली की हिचं तोंड उघडतं." मावशी खूष. "वैनी, माणसाला कोण गोड लागतं ते पोरांनाच कळतं."

मावशीच्या पोटात कळा यायच्या. मधीच काम सोडून ती भिंतीला टेकायची, डोळे मिटून, कपाळावर घाम. विचारलं तर बोलायची, "वात हाय." त्याच्यावर तिचं औषध, ओवा आन् गूळ. हिरड्यांवर तिच्या निळसर काळी रेघ होती, दातांच्या मुळाशी, काजळ लावल्यासारखी. ती बोलायची मिश्रीनं झाली. मी मिश्री लावत नाय. माझ्या हिरड्या मी आरशात बघायचे, आन् मंग आरसा उलटा ठेवून द्यायचे.

मंग रक्त काढायला लागले. वरनं कोणतरी तपासायला आलं होतं, तो सांगून गेला की भट्टीच्या शेडमधल्या सगळ्यांच्या रक्तात शिसं किती हाय ते बघायला पाहिजे. रक्तातलं शिसं मोजतात हे आमाला तेव्हाच कळलं. आमच्यात त्याला आकडा बोलतात. आकडा वर आला तर घरी बसायचं, तो खाली येईस्तवर, आन् घरी बसलेल्याला पगार नाय. रक्त दिलं नाय तर गेटमधी घेत नाय. म्हंजे दिलं तरी पंचाईत, नाय दिलं तरी पंचाईत. त्या आठवड्यात बायांच्या तोंडाला चव नव्हती. कोण कोथिंबिरीचं पाणी पीत होतं, कोण लिंबू चोखत होतं.

मावशीनं वेगळंच काढलं. ती बोलली, "गो, शिसं जड असतं ना? भट्टीच्या कढईत बघता ना तुमी, मळ वर तरंगतो आन् शिसं कुठं बसतं? तळाला. अंगात पण तसंच. उभं राहिलं की ते खाली पायात उतरतं. आन् ते रक्त काढणार हातातनं."

कोणाला काय सुचलं नव्हतं त्याच्यापेक्षा हे बरं वाटलं. मला पण वाटलं. आठवीपर्यंत शिकले मी, तरी मला वाटलं, खरंच की, कढईत खालीच बसतं.

रक्त द्यायच्या दिवशी सकाळपासनं एक बाई खाली बसली नाय. जीपमधी पण उभं राहायला बघत होतो, जीपवाला बोंबलला, "टप फुटंल माझा!" शेडच्या बाहेर झाडाखाली रांग, सगळ्या उभ्या, कोण चुकून टेकली की मावशी ओरडायची, "ऊठ गो, वर येईल ते!" एकीचे पाय सुजले, तरी उभी.

रक्त काढायला एक तरुण म्याडम आली होती, आमच्यापेक्षा लहान असंल, चष्मा, हातात रबरी मोजे. तिनं बघितलं, सगळ्या बाया उभ्या, बाकडं रिकामं. बोलली, "बसा ना ताई, रक्त देताना बसावं लागतं."

मावशी पुढं झाली. बसली एकदाची, पण डावा हात पुढं केला. "डाव्यातनं घे. उजवा कामाचा हाय, त्याच्यात असंल थोडं."

म्याडम हसली नाय. तिनं कापसानं मावशीच्या कोपराच्या वाकात पुसलं, कापूस करडा झाला. दुसरा घेतला, तो पण करडा. तिसरा, चौथा. साबणाच्या पाण्यानं धुतलं, परत पुसलं. ती बोलली, "मावशी, रक्त एकच असतं. डाव्यात तेच, उजव्यात तेच, पायात पण तेच. सारखं फिरत राहतं."

"सारखं?"

"झोपेत पण."

मावशी तिच्याकडं बघत राहिली. सुई टोचली तरी तिचं लक्ष नव्हतं. उठल्यावर आमच्याकडं वळून बोलली, "बसा गो. काय उपयोग नाय. फिरतंय ते."

आन् सगळ्या बाया एकदम खाली बसल्या, मातीतच. मला ते आठवलं की हसू येतं आन् मंग लगेच जातं.

आकडे आले. सगळ्यांचे वर. कोणाचा किती ते मोठ्यानं नाय सांगितलं, पण म्याडमच्या तोंडावरनं कळलं. माझा पण वर. बारकीमावशीचा सगळ्यात वर. म्याडम बोलली, तुमी धुळीत काम करता म्हणून असणार, पण एक गोष्ट तिला कळत नव्हती. गेटवरच्या बाईचा पण वर आला होता. ती तर शेडमधी पाय टाकत नाय. दिवसभर बाहेर खुर्चीवर, धुळीपासनं लांब.

"तुमी कधी आत जाता का?" तिनं गेटवालीला विचारलं.

"नाय म्याडम. आत मला खोकला येतो."

"प्लेटांना हात लावता?"

"नाय."

"मग शिसं तुमच्या पोटात गेलं कुठून?"

मावशी बाजूलाच उभी होती. मदत करायला गेली बिचारी. बोलली, "अगो, गुळाला येते की ती रोज. विसरलीस का गो? आऽ करायला."

म्याडमनं मान वर केली. "कसला गूळ?"

मावशीनं डबा आणून दाखवला. कौतुकानंच. ढेप, फडकं, ती लादी. कसा फोडते ते पण दाखवलं. म्याडमनं मावशीला गेटबाहेरच्या नळावर नेलं, साबणानं दोन्ही हात धुवायला लावले, नखांत पण. मावशीनं चोळून चोळून धुतले. मंग म्याडमनं पिशवीतनं एक पांढरं ओलं फडकं काढलं, मावशीच्या तळव्यावरनं फिरवलं, आन् त्या फडक्यावर बाटलीतलं कसलं तरी पाणी मारलं.

फडकं हळूहळू गुलाबी झालं. मंग लाल.

"बघा गो," मावशी हसत बोलली, "फडक्याला मेंदी चढली."

म्याडमनं दुसरं फडकं घेतलं, गुळाच्या खड्यावरनं फिरवलं. ते पण लाल. तिसरं डब्याच्या झाकणावरनं, लाल. तवा कोणच हसलं नाय. म्याडम सावकाश बोलली, शिसं असलं की हे फडकं लाल होतं, हाताला लागलेलं शिसं दिसत नाय, धुतलं तरी राहतं, आन् ते गुळासंगं पोटात जातं. धूळ घशात जाते त्याच्याहून जास्त.

मावशी हात पुढं धरूनच उभी होती, ओले, बोटं पसरून. आपलेच हात कुठं ठेवायचे ते तिला कळंना. मंग तिनं माझ्याकडं बघितलं. मी पण तिच्याकडंच बघत होते. दोघींना एकदमच आठवलं. ती फक्त येवढंच बोलली, "रेश्मे. आरू."

मी शेडमधनं पळत सुटले. मुकादम मागनं ओरडला, सुट्टी नाय झाली, मला ऐकू आलं पण पाय थांबले नायत. मुरबाडच्या रस्त्यापर्यंत पळाले, जीप मिळंना, तशीच चालत, धापा टाकत. घरी आरू ओट्यावर खेळत होती, मला बघून हात पसरून धावली, आन् मी तिला घेऊ का नको, माझ्या अंगावर शेडचीच साडी, मी ओरडले, "थांब! तिथंच थांब!" पोर घाबरून रडायला लागली. सासू बोलली, काय झालं गो, भूत बघितलंस का?

शहापूरला मोठ्या दवाखान्यात आरूचं रक्त काढलं. एवढीशी नस, सापडंना, दोनदा टोचलं. मावशी आली होती आमच्यासंगं, कोणी बोलावलं नव्हतं. आत नाय आली. बाहेर पायरीवर बसली, पदरात हात गुंडाळून. डागदर बोलले, कामाचे कपडे घरात आणायचे नाय, आंघोळ केल्याशिवाय पोरीला घ्यायचं नाय. लहान पोरांच्या अंगात शिसं लवकर भिनतं, डोक्यावर परिणाम होतो, शिकण्यावर, बोलण्यावर. तवापासनं आरू गप बसली की मी तिला उगाचच काहीबाही विचारत बसते. शेजारची तिच्याच वयाची पोर घडाघडा बोलते. आरू कमी बोलते. पण ती आधीपासनंच कमी बोलायची का? मला आता आठवत नाय. सासूला विचारलं तर ती बोलते, तू पण गपच होतीस लग्नात.

आकडा वर आला. डागदर बोलले, आता जे जातंय ते बंद करा, मंग काय महिन्यांनी परत बघू. खाली यायला पाहिजे.

बाहेर येऊन मावशीला सांगितलं. मला वाटलं होतं मी तिच्यावर ओरडीन. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं काय बोलायचं ते. पण ती त्या पायरीवर येवढी मोठी बाई येवढीशी होऊन बसलेली, आन् तिनंच आधी विचारलं, "माझ्या हाताचं हाय?" मी बोलले, "माझ्या कपड्यांचं पण हाय मावशी." ती बोलली, "नाय. मी बोटानं ठेवायचे. जिभेवर." आरू झोपली होती माझ्या खांद्यावर.

पुढं शेडवर मोठे साहेब आले, तपासणारे पण आले, बायांना बोलावलं. मुकादम पुढं होऊन सांगायला लागला, "साहेब, आमी मास्क दिलेत, साबण दिलाय. ह्या बायाच ऐकत नाय. ही बारकी हाय ना, हीच सगळ्यांना घाण हातानं गूळ चारते. आमी कितीदा बोललो."

सगळ्या खाली बघत होत्या. मी बोलले, म्हंजे मला बोलायचं होतं तेवढं जमलं नाय, पण बोलले, "साहेब, ढेप मुकादमच आणून द्यायचा." मुकादम माझ्याकडं डोळे वटारून बघायला लागला. तवा मावशीनं मला मागं सारलं, हातानं नाय, खांद्यानं. आन् पुढं होऊन बोलली, "मीच चारला साहेब. गूळ कंपनीचा, हात माझा."

मुकादमाला वाटलं बरं झालं, कबूल झाली. पण तिचं संपलं नव्हतं. "हात माझा होता, म्हणून मी घरी जाते. गूळ तुमचा होता. तुमी कुठं जाताय ते सांगा."

साहेबानं घड्याळ बघितलं.

सगळ्यांना घरी बसवलं तर शेड बंद पडंल, मंग सगळ्यात वर आकडा म्हणून एकट्या मावशीला बसवली. तो खाली येईल तवा बोलवू बोलले. तिला कोणी परत रक्त द्यायला पण बोलावलं नाय. आता शेडमधी हात धुवायला नळ लावलाय, गूळ बंद झालाय, नळाला कधी पाणी असतं कधी नसतं. मला प्लेटांवरनं काढून बाहेर अंगण झाडायला टाकलंय. मी अजून तिथंच जाते. दुसरीकडं कुठं जाऊ? पुढच्या खेपेला माझा आकडा आणखी वर आला तर मला पण घरी बसवतील, आन् नाय वर आला तर रोज तिथंच जायचं. यातलं कुठलं मागावं देवाकडं ते पण कळत नाय, आन् आमच्यात तर देवाकडं मागत पण नाय. घरी आले की मी मागल्या दारी दोनदा आंघोळ करते, साडी बाहेर बादलीत, हात इतके घासते की बोटांना भेगा पडल्यात. तोवर आरू आतनं दार वाजवत असते.

मावशी काय दिवस ओढ्यापलीकडं दिसायची. सकाळची हाक बंद झाली. सासूच एकदा बोलली, "आता मरणाचं नाव घ्यायला कोण नाय, सुनं सुनं वाटतं." मी एकदा गेले तिच्याकडं, तर तिनं चहा केला पण कप जमिनीवर ठेवून मागं सरली, मी उचलेस्तवर. आरूला आणू का विचारलं तर बोलली, नको. उजव्या हाताचं मनगट तिचं खाली लोंबायला लागलं होतं, पातेलं धरवत नव्हतं. मंग लेक येऊन तिला डोळखांबला घेऊन गेली.

शुक्रवारी आरूचं रक्त दिलं, दुसऱ्या खेपेचं. या खेपेला नस लवकर सापडली, पण पोर आता मोठी झाली ना, तिला कळतं, सुई बघूनच ओरडायला लागली. दंडाला पट्टी चिकटवून मी तिला शहापूरच्या एसटी स्टँडवर आणली. तिचे हुंदके चालूच. आन् बघते तर डोळखांबची गाडी लागलेली, आन् गाडीच्या दाराशी मावशी.

अंग निम्मं झालेलं. पोलकं सैल. मी हाक मारली, ती वळली. आरूनं तिला बघितलं, हुंदका मधीच थांबला, आन् पोरीनं तोंड उघडलं.

मला वाटलं होतं ती विसरली असंल. घरात कोण गुळाचं नाव काढत नाय, मावशीचं पण नाय. पण तिनं तोंड उघडलं, आऽ, आन् वाट बघत राहिली.

मावशीनं दोन्ही हात पाठीमागं नेले. पदराखाली.

"मावशी, आता तुझे हात चांगले हायत," मी बोलले. "आता तिकडं शिसं कुठलं?"

"तुला काय ठाऊक?" ती बोलली. "ते त्या फडक्यालाच ठाऊक." मंग विचारलं, "आकडा?"

"सोमवारी."

"सोमवारी," ती बोलली. आन् मंग, "तू अजून तिथंच?"

मी मान हलवली. तिनंच लावलं होतं मला तिथं, ते दोघींच्या मधी उभं होतं, पण तिनं पण ते काढलं नाय आन् मी पण नाय.

कंडक्टरनं घंटी मारली. मावशीला वर चढवंना, मनगटात जोर नाय, दांडा धरता येईना. मी आरूला एका हातावर घेऊन दुसरा पुढं केला, तर ती बोलली, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," आन् कंडक्टरनंच तिला दंडाला धरून वर घेतली. खिडकीशी जागा मिळाली तिला. आजूबाजूच्या खिडक्यांतनं माणसं हात हलवत होती, कोण कोणाला काय काय सांगत होती. मावशीचे हात मांडीवर, पदराखाली, ते वर आले नायत.

आरूचं तोंड तसंच उघडं. लाळ गळायला लागली.

मावशी तिच्याकडं बघत होती. मंग तिनं खिडकीतनं स्वतःचं तोंड उघडलं, मोठं, भरवताना उघडायची तसं. आन् मिटलं. परत उघडलं आन् मिटलं, ओठ घट्ट दाबून. दर खेपेला मान हलवत होती. पोरीला शिकवत होती. असं गो. असं मिट.

गाडी स्टँडच्या कोपऱ्यावरनं वळली तरी ती करतच होती. आरूनं तोंड मिटलं नव्हतं.